तिला आधी पडवीत ठेव

लगेच घरात आणू नकोस तिला, कौताक.
उणे अडतीसातून आली आहे,
स्टोव्हची ऊब लागली की दरदरून घाम फुटेल:
नळीच्या आत, बोल्टच्या खोबणीत,
स्प्रिंगच्या वेटोळ्यांत,
जिथला घाम पुसायला आपली बोटं पोचत नाहीत.

त्याच्याही आधी, उंबऱ्याबाहेरच
मॅगझिन रिकामं कर. काडतुसं माझ्या ओंजळीत दे.
आता बोल्ट मागे ओढ, करंगळी आत घालून बघ.
हातमोजा असू दे, नाहीतर कातडी लोखंडाला देऊन बसशील.
ही एक झाडलं की दुसरं आपणहून भरून घेते,
विचारत नाही. पळत्या हरणामागे बरं असतं ते.
दारात नाही.

दहा नेलीस, तीन झाडलीस.
सात. मोज पुन्हा.

रात्री किटली ठेवू.
ही जुनी काडतुसं स्वस्त पडतात,
पण त्यांच्या टोपीत मीठ असतं,
आणि खाल्ल्या मिठाला जागेल असलं लोखंड नाही हे.
दोन दिवसांत लाल होतं.
नरसाळं लाव, उकळतं पाणी ओत नळीतून,
चहाचं उरलं तरी चालेल, तुझा आजा तेच ओतायचा.
मग कोरडी चिंधी. मग तेल. मग तेल पूस,
लावलंच नव्हतं इतकं पूस.
थंडीत तेलाचा डिंक होतो,
आतली टाचणी तोंड बाहेर काढून अडकते
आणि तू खटक्याला शिवला नसतानाही
ती बोलून जाते.

झालं? आता बोल्ट या मोज्यात गुंडाळ
(याचा जोडीदार गेल्या वसंतात कुत्र्याने पळवला)
आणि उलुआपिककडे देऊन ये.

का म्हणून विचारतोस.
लहान होतास तेव्हा सांगितलं होतं,
तिच्या घरची हवा कोरडी आहे.
सोळाचा झालास.

ज्याचं नाव तुला आहे तो माझा धाकटा भाऊ,
म्हणून तर चुकून नाही, मुद्दाम
मी तुला कधी कधी भावा म्हणते.
शिट्टी अशी वाजवायचा की कुत्री गोंधळायची.
नोव्हेंबरात सूर्य बुडाला,
जानेवारीत उगवायचा होता, उगवलाही.
त्या वर्षी सगळं एकाच घरात होतं:
ही, हिचा बोल्ट, काडतुसं, चावी,
आणि तो.

एवढंच.

मी बर्फाला भोक पाडलं होतं हिला बुडवायला.
दोन तास खणलं. आई मागून आली,
भोकात बघत उभी राहिली, म्हणाली,
आणि खायचं काय?
त्या भोकातून मग सील धरला आम्ही.

आता कपाटाची चावी माझ्याकडे असते,
काडतुसं तुझ्या काकाकडे,
बोल्ट चाळीस पावलांवर उलुआपिककडे.
मागायला गेलास की ती चहा टाकते,
कुठे निघालास, कुणाबरोबर, परत कधी,
झोप लागते का रे नीट, डोळे असे का.
तोंडाचा पट्टा थांबत नाही तिचा.
थांबू नये. मोठं कुलूप तेच आहे.

आणि ऐक, हे मलाही लागू आहे.
मी एकटी रात्री तिच्या दारात उभी राहिले,
कितीही शहाण्यासारखं बोलले,
तरी तिने द्यायचा नाही. ठरलंय आमचं.
एकदा
दिला नव्हता तिने.
बसवून घेतलं होतं सकाळपर्यंत, पत्ते खेळलो.
ती लबाडी करते पत्त्यांत.

जा आता. टोपी घाल.
जाताना हरणाची जीभ ने तिच्यासाठी,
दगड झाली असेल गोठून,
तरी ने.