झेलणारा

डिस्क भाच्यानं पाठवली, परदेशातल्या सर्कशीची.
डब्यावर एक मुलगी उलटी, केसांसकट हवेत.
जेल रोडला, आमच्या तिसऱ्या मजल्यावर,
सव्वाआठची वेळ, शेंगा भाजून ठेवलेल्या.
खालच्या मजल्यावरचे अच्युतन वर आले,
चपला दाराबाहेर नीट
शेजारी शेजारी लावून.

एकवीस वर्षं ते झेलणारे होते.
झोक्यावर गुडघे अडकवून, उलटे,
येईल त्या मनगटाची वाट बघणारे.
सर्कस मोडली ती इथंच, गोल्फ क्लबच्या मैदानावर.
हत्ती आधीच गेले होते, मग तंबू गेला, मग खुर्च्या,
आणि हे राहिले.
आता अंबडला एका कारखान्याच्या फाटकाशी
रात्रपाळी करतात.

मी म्हणाले, सोफ्यावर बसा ना.
ते खालीच बसले, पडद्याजवळ.
"जाळी कुठंय?"
पहिलाच प्रश्न.
चौकट संपते तिथं वाकून बघत होते,
जणू टीव्हीच्या काचेखालून
दोरीचं एखादं टोक निघेल.

मी नोटांच्या छापखान्यात तीस वर्षं
कागद तपासले. डोळा चुकीलाच चिकटतो.
निळ्या टोपीचा एक माणूस
तीनदा टाळ्या वाजवताना दिसला, तेच तोंड, तोच आ,
एकदा तर मुलीनं झोका सोडण्याआधीच.
मी दाखवलं. अच्युतन हसले नाहीत.
"आवाज पण खोटा," म्हणाले.
"साखळी कुरकुरते, ती कुठं गेली?
आणि झेलणारा 'हप्' म्हणतो.
'हप्' ऐकल्याशिवाय कोण सोडेल हात?"
तिथं तर व्हायोलिन वाजत होतं.

कॅमेरा सगळा मुलीवर.
तिची टिकल्यांची कंबर, मंद गतीत तिचं एकेक बोट,
मग एकदम दोन हात, कोपरापर्यंतच,
मनगटांना मनगटं, पांढरी पावडर उडालेली.
हात कुणाचे, ते दाखवलंच नाही.
"चेहरा?" मी विचारलं.
"आमचा उलटाच असतो.
घेऊन काय करणार."

हे मला नंतर आठवलं, तेव्हा नुसतं दिसलं होतं:
ते तळवे सदऱ्याला पुसत होते, सारखे.
शेंगांना हात लावला नव्हता.

शेवटचा खेळ. तिनं तीन कोलांट्या घ्यायच्या.
एक.
दोन.
वीज गेली.

खिडकीतून एकलहऱ्याच्या चिमण्या,
त्यांच्या टोकांचे लाल दिवे लुकलुकत.
वीज तिथं तयार होते, आमच्या डोळ्यांदेखत,
आणि आमच्याकडे ती मुलगी
अडीच कोलांट्यांवर,
कुठल्याच हातांशिवाय.

मी मेणबत्ती शोधायला उठले.
"थांबा," ते म्हणाले. इतकंच.
मी तशीच उभी राहिले, एक हात ड्रॉवरवर.
अंधारात त्यांच्या डाव्या खांद्याचा आवाज आला,
तो निखळलेला, पुन्हा कधी नीट न बसलेला खांदा,
जिना चढताना कठड्याला धरला की कट्ट करतो तो.
हात पुढं केलेले असावेत.
किती वेळ, सांगता येत नाही.
कुणाच्या तरी घरी कुकरची शिटी झाली,
कुणीतरी रस्त्यावर कुणाला तरी
"अरे, मीटर बघ" म्हणालं.

वीज आली तेव्हा हात मांडीवर होते.
डिस्क पहिल्यापासून सुरू झाली होती:
रिकामा तंबू, आणि निळ्या टोपीचा माणूस
आपली खुर्ची शोधत आत येणारा.

"पुढं ढकलू का?" मी रिमोट घेतला.
त्यांची पाळी दहाची. त्यांनी घड्याळ पाहिलं,
मग पडद्याकडे.
"नको. शिडी चढू द्या तिला."
आणि पहिल्यांदाच एक शेंग उचलली,
फोडली, दाणे
तोंडात न टाकता
मुठीत धरून बसले.