सव्वा की दोन

दुकानातल्या पोरानं पहिल्यांदा हेच विचारलं:
मागचं भोक सव्वा इंची, की दोन?
अकरा वर्षं ही गाडी चालवतेय,
तिच्या मागे खाली वाकून कधी पाहिलं नव्हतं.
वाकले.
गंजलेला चौकोन, आत मागच्या हिवाळ्यात
रस्त्यावर टाकलेलं मीठ,
आणि कोळ्याचं एक रिकामं घर.
पट्टी लावली. दोन.
वेन्डेल आत बसल्या बसल्या म्हणाला, सांगितलं होतं ना.
त्यानं सांगितलं नव्हतं.

छतावरचं कॅरिअर होतंच आमच्याकडे.
गेल्या सप्टेंबरात त्यानं सायकल डोक्यावर उचलली
आणि ती तिथेच थरथरत राहिली,
धड वर नाही, धड खाली नाही.
समोरचा ऑर्व्हिल केम्पाइनेन रस्ता ओलांडून आला,
सायकल चढवून दिली,
बर्फ यंदा लवकर पडणार म्हणाला, गेला.
तेव्हापासून सायकली गॅरेजात.
टायरांतली हवा कुणी न काढता निघून गेली.

म्हणून आता गुडघ्याएवढ्या उंचीचं.
टांगायचं स्वस्त होतं,
पण त्यात सायकली एकमेकींना घासत जातात,
आणि माझीचा दांडा मधे झुकलेला,
तिला टांगायला आणखी एक खोटा दांडा विकत घ्या.
हे दुसरं बरं: दोन पन्हळी, चाकं त्यांत उभी,
वरून एक आकडा येतो,
पुढच्या चाकावर बसतो,
फ्रेमला शिवतसुद्धा नाही.
चौघांचंही होतं. पोरगा म्हणाला,
नातवंडं आली की उपयोगी पडतं.
दोन, आम्ही एकदम म्हणालो,
आणि मग दोघंही उगीचच
हेल्मेटं बघत राहिलो.

घरी आल्यावर पुठ्ठा अंथरून मी गाडीखाली उताणी.
तो खुर्चीत, माहितीपत्रक घेऊन.
चाळीस वर्षं हे उलटं होतं,
तो खाली, मी टॉर्च धरून,
आणि टॉर्च कायम भलतीकडे.
पिन आरपार, तो वाचतो.
आरपार.
क्लिप.
लावली.
बोल्टच्या आट्यांना वंगण लाव आधी,
नाहीतर पुढच्या वर्षी निघायचा नाही.
हे कागदावर नव्हतं,
खनिजाच्या धक्क्यावरची त्याची छत्तीस वर्षं बोलत होती.
आवळ. अजून पाव फेरा.
कागद इतका फडफडत होता
की सुपीरियरवरून वारं सुटलंय असं वाटावं.
वारं नव्हतं.

मी उठून ढकलून पाहिलं. घट्ट.
असं नव्हे, तो म्हणाला, सरक.
खुंटा हलवून बळकट करायचा असतो.
दोन्ही हातांनी रॅक धरला
आणि काही केलंच नाही.
नुसता उभा.
हातांनी आपलं ते सुरू केलं,
बारीक, न थकणारं,
गोळ्यांनाही न जुमानणारं.
पार टोकाशी कुठेतरी
खुळ.
खुळ.
ऐकलंस?
इतका खूश मी त्याला
डॉक्टरकडे जायला लागल्यापासून पाहिला नव्हता.
अर्धा फेरा अजून!
मी पुन्हा पुठ्ठ्यावर. अर्धा.
त्यानं पुन्हा धरलं.
रॅक गप्प.
गाडीच्या अँटेनाचं टोक तेवढं हललं.

मग पट्टे, कुलूप,
किल्ली कुणाच्या खिशात यावरून नेहमीचं,
नंबरप्लेट झाकली जाते का ते मागे जाऊन बघणं,
झाकली जात होती थोडी,
पट्टी वळवली.

पाच मैलांवर थांबून पुन्हा तपासा,
हे मात्र छापलेलं होतं.
पाच मैलांवर नुसती झाडं.
मी इंजिन बंद करेपर्यंत तो उतरला होता,
मागे उभा, दोन्ही हात रॅकवर.
एक पिकअप हळू झाली.
काही मोडलंय का, बाईनं काच उतरवून विचारलं.
नाही, तो म्हणाला, तपासतोय.
ती गेली.
आरशात तो दिसत होता,
आमच्या दोन सायकलींच्या मधल्या फटीतून,
मान तिरकी करून ऐकत.
मी हॉर्न वाजवला नाही.