यजमान घर

नियम आमचा आम्हीच केलेला, त्बिलिसीत,
एका चर्चच्या तळघरात, ओले मोजे हीटरवर टाकून:
कुणाच्याही गावाला गेलो तरी
कुणी स्वतःच्या घरी झोपायचं नाही.
मीही हात वर केला होता.
कोल्हापूर यादीत शेवटचं होतं
आणि दहा महिने लांब.

आता बस कावळा नाक्यावर थांबते.
बारा जणं, बारा सॅक,
एक गिटार, जिची एक तार किसुमूपासून गायब.
महापालिकेच्या शाळेत, चिमुकल्या बाकांवर
गुडघे दुमडून यजमान बसलेत.
तिसऱ्या बाकावर माझी आई,
लग्नाकार्यातली साडी नेसून.
माइकवरून जोड्या वाचल्या जातात.
आईच्या वाट्याला तामार.
माझ्या वाट्याला मोमीन, सदर बाजार.

आईनं माझ्याकडे पाहिलं
ओळखीच्या माणसाकडे बँकेत पाहतात तसं, कामाच्या वेळेत.
मग तामारची सॅक आपल्या खांद्याला लावली.
जाता जाता एवढंच, "वाळलीयस की गं."

सदर बाजार आमच्या घरापासून दोन किलोमीटर.
पाच वर्षं केएमटीच्या खिडकीतून
कॉलेजला जाता-येता पाहिलेला.
उतरले मात्र कधीच नव्हते.
नऊ देशांतल्या पायऱ्या चढले
बूट काढू की राहू देत, विचारत विचारत.
इथं तरी ठाऊक असायला हवं होतं.
उंबऱ्यात उभी राहून चुकून म्हणाले, थँक्यू.
शकिराभाभी हसल्या,
"अगं, तू कोल्हापूरचीच ना?"
हो म्हणाले.
त्या क्षणी पैजेवर विचारलं असतं
तर बोलले नसते.

पहिल्याच संध्याकाळी, पावणेसहाला, ताट समोर.
भाभींनी शेजारच्या चौगुल्यांकडे चौकशी केलेली:
जैनांची पोरगी, दिवस मावळायच्या आत जेवते,
कंदमूळ चालत नाही.
तो नेम मी कुठल्या विमानतळावर सोडला
मला आठवतसुद्धा नाही.
किसुमूत रात्री दहाला चुलीत भाजलेला बटाटा
साल न काढता खाल्ला होता.
सांगणार होते.
पण भाभींनी पडदा सारला,
ताटात ऊन पडावं म्हणून.
मी गप जेवले. तेराही दिवस.
त्यांची पंगत नऊला बसायची,
वास माझ्या गादीपर्यंत यायचा.

दिवसा नदीकाठच्या बालवाडीत
पुराचा वाळलेला गाळ खरवडायचो.
भिंतीवरची रेघ बघून वंजिरू म्हणाली,
इथवर पाणी? मग मुलं कुठं होती?
मी त्या वर्षी बारावीत होते, वरच्या मजल्यावर.
मला माहीत नव्हतं.

आणि तामार, हातात ब्रश, रोज माझ्या आईच्या बातम्या द्यायची.
तुझी आई कुकरशी भांडते.
तुझी आई घोरते, पण सुरात.
तुझी आई एकोणिसाव्या वर्षी
मिरजेला नर्सिंगला निघाली होती, ट्रंक भरून.
मग दारातली रिक्षा परत पाठवली.

कुणी पाठवली?
तामारनं खांदे उडवले.
ते चित्रात नव्हतं, म्हणाली.
आईनं तिला कॅलेंडरच्या पाठीवर काढून दाखवलं होतं:
ट्रंक, टोपी, इंजेक्शन,
आणि रिक्षावर एक काट.

बस निघून गेली.
तामारच्या सॅकमध्ये शेंगाचटणीचे दोन डबे,
आई खिडकीतनं तिला सांगतेय, झाकण घट्ट लाव, मराठीत.
भाभींनी माझा ताबा कुणाला द्यावा कळेना
म्हणून रिक्षेवाल्यालाच बजावलं,
"नीट सोड, पाव्हणी आहे."

घरी पोचले तेव्हा साडेसात झाले होते.
आईनं ताट वाढलं.
खिडकीत अंधार.
मग तिनं स्वतःचंही वाढून घेतलं,
माझ्याकडे न बघता.
आमटीत बटाटा होता.

ट्रंकेचं विचारायचं होतं.
कुठल्या भाषेत सुरुवात करावी सुचेना.
शेवटी, नऊ घरांत पहिल्या रात्री
जी ओळ पाठ म्हणायचे, तीच म्हटली:
मी तुमच्याकडे राहायला आलेय.
तुमच्याबद्दल काहीतरी सांगा.

आईनं घास खाली ठेवला.
"पेन आण," म्हणाली.