पाण्याची रेघ

पाणी उतरलं आणि भिंतीवर रेघ उरली,
माझ्या छातीपाशी, यमूच्या हनुवटीपाशी.
आमच्या फळियातल्या एकवीस घरांना एकच रेघ,
मोहिते, पारेख, सय्यद, सगळ्यांना
कुणी एकाच पट्टीनं आखून दिल्यासारखी.

मी रेल्वेच्या स्टोअर्समधला माणूस, निवृत्त.
तलाठी यायच्या आधी सगळ्यांच्या याद्या मीच केल्या.
गाद्या सहा. गहू दीड क्विंटल. टीव्ही एक, आधीच बंद.
शिवणयंत्र एक, जुने, पायाचे, किंमत अंदाजे
इथं मी यमूकडे पाहिलं.
ती ओट्यावर बसून विश्वामित्रीच्या दिशेला बघत होती,
जशी नदी अजून काही परत करणार आहे.

एकोणीस दिवस ती बोलली नाही.
चहा करायची, कप पुढं सरकवायची.
डॉक्टर म्हणाले, धक्का आहे, जाईल.
कॅशडोल आला, सही करून मुकाट परत आली.
खंडेराव मार्केटातून मी शेवंतीची वेणी आणली,
ती बंद फ्रिजवर चार दिवस वाळत राहिली.
पोरं मगरीची गोष्ट रोज वाढवून सांगत,
म्हणे सय्यदांच्या जिन्याखाली दोन रात्री मुक्कामाला होती.
सगळे हसायचे.
यमू नाही.

नवरात्राआधी चुना मारायचा ठरला.
रसूलभाई पेंटर आले. आयुष्यभर पाट्या रंगवलेल्या, तीन लिप्यांत,
हल्ली फ्लेक्सनं हातचं काम नेलेलं.
रेघेवरून बोट फिरवत ते फळियाच्या टोकापर्यंत गेले, परत आले.
"हिला पुसायचं मग बघू.
आधी सांगा, हिच्याखाली काय काय होतं?"

पारेखांची विजू म्हणाली, लोणच्याची बरणी.
रेघेखाली बरणी आली, झाकणाला फडकं बांधलेली.
कुणी सायकल सांगितली, कुणी दप्तर,
सय्यदांचा धाकटा म्हणाला, शेळी.
"नाव काय तिचं?"
माझ्या यादीत नावाचा रकाना नव्हता.

आमच्या दारापाशी आले. मी म्हणालो, शिवणयंत्र.
त्यांनी काढलं. बरं काढलं होतं,
पण चाक डावीकडं.

"उजवीकडं."

कोण बोललं ते मला आधी कळलंच नाही.
"चाक उजवीकडं असतं. आणि पट्टा असा ढिला नव्हता माझा.
द्या इकडं."

यमू भिंतीसमोर उकिडवी बसली.
चाक खोडलं, नवं काढलं, अंड्यासारखं.
सुई काढली. सुईखाली अर्धा ब्लाउज.
"हा निगारच्या लग्नाचा. एक बाही राहिली होती,"
म्हणाली आणि रडायला लागली, ब्रश तसाच वर धरून,
गेरू कोपरापर्यंत ओघळला.
निगार येऊन शेजारी बसली. काही बोलली नाही.
तिच्या हातातला ब्रश घेऊन
बाही तेवढी पुरी केली, वाकडी.

मला चित्रातलं काही कळत नाही.
बरी झाली असंही म्हणणार नाही,
अजून ढग आले की ती गाद्या माळ्यावर टाकते,
नव्या यंत्राचा आवाज तिला परका वाटतो.
पण त्या संध्याकाळी कप सरकवताना म्हणाली,
"साखर संपत आलीय."
मी लिहून घेतलं. साखर, दोन किलो.
स्टोअर्समध्ये माझं अक्षर वाखाणत,
ते त्या दिवशी ओळीवर राहिलं नाही.

रसूलभाईंना मी नंतर गाठलं.
तीस वर्षं शिंप्यांच्या पाट्या रंगवल्यात तुम्ही,
चाक कुठल्या अंगाला असतं, ठाऊक नव्हतं?
ते रॉकेलमध्ये ब्रश धूत होते.
"चूक तर होते, भाई," म्हणाले,
आणि ब्रश धूतच राहिले.

चुना मारला आम्ही. रेघेच्या वर.
खाली शेळी अजून आहे,
पोटावर लिहिलंय, तिन्ही लिप्यांत,
चांदनी.