पाव फेरा

अर्नेलने बास आणला तेव्हा कौस सुटला होता,
समुद्रावरचा ओला वारा;
गुदैबियाच्या गल्लीत भिंतींनासुद्धा घाम.
"तिसरी तार कुरकुरते," म्हणाला,
"बाराव्या पडद्याच्या पुढे. लोकांना नाही कळत."
मग जिना उतरता उतरता: "मला कळतं."

मी लिफ्टवाला.
माझ्या लेखी तार म्हणजे आठ पदरांचा दोर,
ज्याच्या भरवशावर माणसं आरशात भांग पाडतात.
तोही कधी कधी कण्हतो.
कण्हणं नेमकं कुठून येतं ते हुडकायचं,
एवढी एकच विद्या माझ्याकडे.

शुक्रवार. खाटेवर टॉवेल, टॉवेलवर बास,
शेजारच्या खाटेवर तांडेल, रात्रपाळी करून आडवा.
एक डोळा मिटून मानेवरून नजर टाकली,
शाफ्टमध्ये रुळावरून टाकतो तशी.
वाकली होती.
ऑगस्टभर गाडीच्या डिकीत उकडलेली,
रात्री हॉटेलच्या एसीत गारठलेली.
दिवसातून दोनदा ऋतू बदलला तर
लाकूड काय, माणूससुद्धा…
ते असो.
अर्नेलने वर घोड्या उतरवून ठेवल्या होत्या,
एक चूक झाकायला दुसरी.

पहिला पडदा दाबायचा, शेवटचा दाबायचा,
मधे सातव्यावर तारेखालची फट मोजायची.
मोजायला पाती मिळतात. माझ्याकडे होती
बुडालेल्या कंपनीची कार्डं:
माझं नाव, खाली 'सीनियर टेक्निशियन',
आणि कुणी न उचलणारा फोन नंबर.
एक कार्ड जेमतेम जायला हवं.
तीन गेली.
पाकिटात इतकी वर्षं उगाच नव्हती जपली.

सळईचं तोंड मानेच्या बुडाशी.
तारा सैल केल्या, चार स्क्रू काढले, मान हातात आली
आणि खाचेत एक कागद, चौपदरी घडी:
मनी एक्स्चेंजची पावती.
पंचेचाळीस दिनार, इलोइलो, दोन हजार अकरा.
नाव अर्नेलचं नव्हतं.
माझ्याआधी कुणीतरी इथे येऊन गेलं होतं,
कोन साधेना म्हणून खिशात सापडलं ते
पाचर म्हणून सारलं होतं.
माझ्या डब्यात पितळी पत्रा होता. कापून लावणार होतो.
मग बोटाने दाबून पाहिलं:
दाबात राहून राहून कागद लाकडाएवढा कडक.
होता तसाच ठेवला.

पाव फेरा. जास्त नाही.
मान बसवली, तारा चढवल्या, रात्रभर थांबलो.
लाकडाला निरोप पोचायला वेळ लागतो.
शनिवारी दोन कार्डं. पुन्हा सगळं उघडून पाव.
रविवारी कामावरून आल्यावर एक.

मग घोड्या वर, एकेक आटा,
मग मागेपुढे:
मोकळी तार आणि बाराव्या पडद्यावरची तार
एकच सूर बोलेपर्यंत,
एक खालून, एक वरून,
मोबाइलवरचा काटा हिरवा होईपर्यंत.
तांडेलने कूस बदलली:
"कुणाचं पोट गुरगुरतंय रे?"
"खर्ज आहे, झोप."

आमच्या निर्मळच्या बँडात फ्रान्सिसकाका मोठा ढोल वाजवायचे.
लग्नाहून परतताना सगळे म्हणायचे, क्लॅरिनेट काय वाजलं!
एकदा काकांना ताप होता.
त्या दिवशी वरात कुणाची चुकली, का चुकली,
कुणालाच सांगता आलं नाही.

अर्नेल पैसे द्यायला लागला. मी चहा पाजला.
पावतीचं सांगितलं नाही.

गुरुवारी रात्री त्याच्याच हॉटेलची लिफ्ट अडकली,
रिकामी, दोन मजल्यांच्या मधे.
मी खड्ड्यात, टॉर्च दातात.
गाणारीचा आवाज तिथवर पोचत नव्हता, टाळ्या पोचत नव्हत्या;
फक्त खर्ज, रुळावरून उतरत
तळपायांत.
कुरकुर नाही.
तिसरी तार मात्र केसभर चढलेली.
एसीच्या झोताखाली उभा असणार.
सांगावं का त्याला?
रुळावर हात ठेवून थांबलो तसाच.
वर कुणीतरी बटण दाबत होतं,
दाबत होतं.