वरची खोली, शिरोडा

एकवीस दिवसांसाठी घेतलेली खोली.
आज सदुसष्टावा.
नवऱ्याची रजा संपली, तो इटलीला परतला.
बेनेदेत्ता राहिली.
ओरोसला कागद आहे, कागदावर सही नाही.
सहीवाले साहेब
कधी बैठकीत, कधी दौऱ्यावर.

मी तिला रोज एक शब्द देते, भाकरीबरोबर.
'थांब' शिकवावा लागला नाही.

रविवारी संस्थेतून दोघं येतात.
वेदू नऊ वर्षांचा. तिच्या मांडीवर बसून
तिच्याच घड्याळाचा पट्टा चावतो.
दीक्षा बारा. ती दाराशी बसते,
चपला बाहेरच्या दिशेनं वळवून.
बेनेदेत्ताला 'अहो' म्हणते,
शाळेतल्या बाईंना म्हणावं तसं.

काल तिघांना मिठागरावर नेलं.
बाबी म्हणाला, "पाणी घेतलां. आता हात लावचो नाय.
ऊन-वारो काय करतीत तां करतीत."
किती दिवस, बेनेदेत्तानं बोटांनी विचारलं.
दीक्षाच बोलली,
"त्याला पण माहीत नसतं."
आणि वाकून एक खडा उचलला,
तिच्या तळहातावर ठेवला. पहिल्यांदाच.

निघताना जिन्यात मला हळूच म्हणाली,
"तिकडे मला मराठीत रागावणारं
कुणी असेल का?"

आज भाकरीबरोबर शब्द दिला नाही.
अख्खं वाक्य दिलं:
'किती वेळा सांगू गं तुला!'
बेनेदेत्ता गच्चीत कपडे वाळत घालतेय,
चिमटा दातांत धरून घोकतेय.
फार मऊ म्हणते.
रागाचा 'गं' अजून बसत नाही.

बसेल.
साहेब सोमवारपर्यंत दौऱ्यावर आहेत.