नखभर फट

आबांचा ओंडका पांगाऱ्याचा.
आतून कुजलेला, म्हणूनच निवडलेला.
दोन्ही तोंडांना शेणमातीचं लिंपण,
मधे बोट जाईल एवढं भोक.
गोठ्याच्या वळचणीला तारेनं टांगलाय
मी या घरात आले त्याच्या आधीपासून.

माझी पेटी सागाच्या फळ्यांची, पांढरी,
पाठीवर नंबर सतरा.
यावलच्या शिबिरात मुनाफ तडवी सरांनी
एक चौकट अलगद वर उचलली
आणि म्हणाले, सगळी सुधारणा म्हणजे ही फट.
करंगळीच्या नखाएवढी.
कमी ठेवाल तर माशी ती मेणानं बुजवेल,
जास्त ठेवाल तर तिथेच पोळं बांधेल,
नेमकी ठेवाल तर वाट म्हणून मोकळी सोडेल.
मी वहीत लिहिलं: फट.
खाली दोन रेघा.

होळी झाली की आबा लिंपण फोडायचे.
गोवरीचा धूर, विळ्याची धार,
अळ्यांचे पांढरे तुकडे पोरांच्या हातावर,
बाकीचं फडक्यात घालून पिळायचं.
मध काळपट, घशात किंचित कडू.
पावणेदोन किलो, मेलेल्या माशा गाळून.

माझ्या पेटीतली पोळी यंत्रात गरगर फिरली,
रिकामी होऊन शाबूत परत गेली,
धन्याच्या फुलावर एकदा,
कांद्याच्या डोंगळ्यांवर दोनदा.
साडेपाच किलो, इतका निवळ
की बरणीतून पलीकडचे आबा दिसले.
"हाई मध नही, साखरनं पानी शे,"
ते भिंतीला म्हणाले.
सुनेशी ते भिंतीतूनच बोलतात.

त्या जोरावर मी पाच पेट्या केल्या.

मग वैशाख आला.
केळीच्या पानांच्या कडा करपल्या,
हापशाचा दांडा फडक्याशिवाय धरवेना.
पेट्यांवर ओली गोणपाटं टाकली, तासाला एकदा.
दुपारी माशा दाराबाहेर दाढीसारख्या लोंबायच्या.
तिसऱ्या दिवशी दोन पेट्या गप्प,
चौथ्या दिवशी तिसरी.
झाकण उचललं तर मेणकिड्याची जाळी,
आणि कोपऱ्यात एक माशी, चुकलेली.

मी कुणालाच सांगितलं नाही.
आबांना कळलंच.
ओंडक्याच्या भिंती वीतभर जाड,
आतलं घरटं तसंच घुमत होतं.
पहाटे ते उभे राहतात तिथे, कान लावून,
डोळे मिटून. डोळ्यांनी तसंही आता कमीच दिसतं.
मला पाहून म्हणाले, यावेळी भिंतीला नाही:
"तू दखस. मी आयकस."

माघात ओंडका फुटला.
अर्धा मोहोळ उठून शेवग्याला लटकला.
मी जाळी बांधून शिडी धरली,
आबा उघड्या तोंडानं वर चढले
आणि माशांचा तो ऊन, जड घोस
स्वतःच्या रुमालात घेऊन उतरले,
झोपलेलं पोर आणावं तसे.
"तुनी सतरा नंबर कोठे शे?"
त्यांनी नंबर कधी वाचला होता, देव जाणे.

पेटीत माशा ओतताना आम्ही समोरासमोर होतो.
डोक्यावरचा पदर जाळीत अडकून मागे सरकलेला.
त्यांनी मान वळवली नाही,
मीही तो सावरला नाही.
दोघांच्या मधे तेवढीच जागा उरली,
बुजवलेली नाही, भरलेली नाही,
आणि तिच्यातून माशा ये-जा करत होत्या.

वहीत यंदा तीन पेट्या लिहिल्यात,
खाली, वेगळ्या शाईत, एक ओंडका.
उत्पन्नाचा रकाना त्याच्यापुढे कोरा ठेवलाय.
मोहोळ कोणत्या रकान्यात लिहायचं
हे सरांनी शिकवलं नव्हतं.

परवा पहाटे, कुणी नाही असं बघून,
मीही सतरा नंबरला कान लावला.
आत पाऊस पडावा तसं काहीतरी होतं, फार लांब.
अजून थोडं ऐकावं म्हणून सरकले, तर डसली.

आठवड्याच्या बाजारात बरण्या मांडून बसले,
उजवा कान पापडासारखा फुगलेला.
गिऱ्हाईक विचारतं, मध अस्सल आहे ना, बाई?
मी पदर मागे करते.